शून्य कुणाला द्यायचं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

नवरात्राच्या आगेमागे बडोद्यात दोन गोष्टींची धावपळ असते, गरब्याच्या पासांची आणि टर्मवर्कच्या सबमिशनची. यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांतली निम्मी दुसऱ्या धावपळीतली निघाली. मी बत्तीस वर्षं कॉलेजात कंप्यूटर शिकवतेय, त्यातली चौदा वर्षं मुलांचे प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेतेय. म्हणून संपादकांनी या वेळचा सगळा गठ्ठा माझ्या दांडिया बाजारच्या पत्त्यावर पाठवून दिला.

प्रश्न : ताई, मी वाघोडिया रोडवरच्या एका खासगी कॉलेजात गेल्या वर्षापासून शिकवते. पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रॅमिंगच्या दोन डिव्हिजन माझ्याकडे आहेत. मुलं १३२, टर्मवर्कला प्रोग्रॅम १०. एकेक फाइल उघडा, चालवा, वाचा, गुण द्या, यात माझे सगळे रविवार जातात. सासूबाई म्हणतात, पगार किती आणि काम किती. आमचे एक सीनियर म्हणाले, स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या फाइली आपोआप चालवून उत्तरं जुळवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून टाक, एका रात्रीत सगळं तपासून होईल. सुरुवात कुठून करू? – थकलेली, वाघोडिया रोड

उत्तर : एका प्रोग्रॅमला चार मिनिटं धरली तरी ८८ तास होतात. सासूबाईंचा हिशोब बरोबर आहे.

स्क्रिप्ट एका संध्याकाळी लिहून होते, त्यात विशेष काही नाही. खरं काम त्याच्या आधीचं. ते तुमच्या सीनियरांनी सांगितलं नाही, कारण बहुधा त्यांनी ते केलेलंच नाही. मीही केलं नव्हतं, आणि त्याचं काय झालं ते ऐका.

पहिल्याच वर्षी मी एक सोपा प्रश्न दिला होता : ‘तीन विषयांचे गुण घेऊन सरासरी छापा.’ एवढंच वाक्य. तपासायला मी ७०, ६५, ८० हे आकडे घेतले आणि अपेक्षित उत्तर म्हणून फाइलीत ७१.६७ लिहून ठेवलं. रात्री स्क्रिप्ट लावून झोपले, सकाळी यादी नोटीसबोर्डावर टाचली. ११८ मुलांपैकी ४७ जणांना शून्य. मला वाटलं, बॅचच कच्ची आहे.

अकराच्या सुमाराला पादऱ्याहून बसनं येणारा एक मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. हातात दोन प्रिंटआउट. त्यानं ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकच वाक्य बोलला, ‘मॅडम, आमां खोटुं शुं छे?’ म्हणजे यात चुकलं काय? पहिला कागद त्याचा. उत्तर ७१.६६६६६७. दुसरा त्याच्या मित्राचा. उत्तर ७१.००. दोघांनाही शून्य. मित्रानं पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं होतं, त्यामुळे अपूर्णांक गळून पडला होता. म्हणजे ज्या चुकीसाठी हा प्रश्न मी मुद्दाम घालते, नेमकी तीच चूक. पहिल्यानं ती टाळली होती, सगळं बरोबर केलं होतं, फक्त सी भाषा आपणहून सहा दशांश स्थळं छापते ती तशीच राहू दिली होती. दोनच स्थळं छापा असं मी कुठे सांगितलं होतं?

हाच प्रश्न मी त्याआधी किती वर्षं हातानं तपासला होता. ७१.६६ दिसो, ७१.७ दिसो, मी टिक करून पुढे जायचे. आपण तपासताना स्वतःच्याच प्रश्नातली भोकं नकळत बुजवत असतो. यंत्र ती बुजवत नाही, त्यामुळे त्याच्या हाती सगळ्यात आधी सापडतो तो प्रश्न काढणारा. यादी मी त्याच दुपारी काढली. शिपाईभाऊंनी टाचण्या मोजून परत घेतल्या.

म्हणून सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करा. दहाही प्रश्न पुन्हा लिहा. आकडे कसे येणार, एका ओळीत की वेगवेगळ्या, किती दशांश, आणि खाली एक नमुना, असं दिलं की असं छापलं पाहिजे. मग वर्गात एक गोष्ट तीनदा सांगा : ‘एंटर द नंबर’ असलं काहीही छापायचं नाही. आपल्याकडच्या पुस्तकांनी मुलांच्या हाताला ती सवय लावली आहे, आणि यंत्र ते वाक्य उत्तराचाच भाग धरतं. स्क्रिप्टमध्ये तुमच्या बाजूनंही थोडं मन मोठं ठेवा. ओळीच्या शेवटची मोकळी जागा, एखादी जास्तीची रिकामी ओळ, याला माफी. दशांश उत्तरं अक्षर अक्षर जुळवू नका, संख्या म्हणून जुळवा. फरक ०.०१ पेक्षा कमी असेल तर बरोबर. असं केलं असतं तर पादऱ्याच्या मुलाला पूर्ण गुण आणि त्याच्या मित्राला शून्य, जसं हवं तसंच झालं असतं.

आता तपासणीचे आकडे कसे निवडायचे. यात मला खरी मजा येते. दिलेल्या संख्यांतली सगळ्यात मोठी शोधा, हा प्रश्न घ्या. ४, ९, २ दिले की सगळे पास. मग -७, -३, -१२ देऊन बघा. बरीचशी मुलं ‘मोठी’ची सुरुवात शून्यापासून करतात. त्यांचं उत्तर येतं शून्य, जी संख्या यादीत नाहीच. एकच संख्या द्या, सगळ्या सारख्या द्या, मोठीपासून लहानीपर्यंत उतरत्या द्या. एकेका तपासणीनं एकेक गैरसमज धरायचा. असा संच रचायला प्रश्नामागे अर्धा-पाऊण तास जातो, पण पुढची दहा वर्षं तो तुमचा असतो.

त्यातले दोन-तीन संच मुलांना दाखवा, बाकीचे झाकून ठेवा. सगळे दाखवले तर काय होतं तेही मी पाहिलंय. फॅक्टोरियलच्या (एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराच्या) प्रोग्रॅममध्ये एकानं लिहिलं होतं, ५ आला तर १२० छाप, ६ आला तर ७२०. गुणाकाराचं चिन्ह अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकदाही नाही. दहापैकी दहा.

वेळेची मर्यादा घातल्याशिवाय स्क्रिप्ट लावू नका. माझ्या दुसऱ्या वर्षी रोल नंबर ९ च्या मुलानं शेवटी गेट-सीएच लिहिलं होतं, म्हणजे कुठलीही कळ दाबेपर्यंत थांब. माझं मशीन रात्रभर त्या कळीची वाट बघत बसलं आणि सकाळी आठच मुलं तपासून झाली होती. प्रत्येक प्रोग्रॅमला दोन सेकंद, मग बंद. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्यासाठी टाइमआउट नावाची आज्ञा तयारच आहे.

आणि मुलांना हवं तितक्या वेळा सबमिट करू देऊ नका. एका मुलीच्या नोंदी मी काढल्या तर एकाच प्रोग्रॅमचे ६३ प्रयत्न. ‘पेक्षा लहान’ बदलून ‘लहान किंवा समान’, मग परत ‘पेक्षा लहान’, मग कुठेतरी उणे एक. विचार कुठेच नाही, कुलपाला किल्ल्या लावून बघणं चाललं होतं. आता पहिले पाच प्रयत्न मोकळे, त्यानंतर अर्ध्या तासाला एक. ती अर्ध्या तासाची शिक्षा फार गुणकारी आहे, मुलं कागद काढतात.

कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर, असेल तर स्क्रिप्टही लिहू नका. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेलं कोडरनर किंवा स्पेनच्या लास पाल्मास विद्यापीठातली व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग लॅब, दोन्ही मूडलला जोडता येतात आणि फुकट आहेत. पुढच्या सत्रात डेटाबेस गळ्यात पडला तर आयआयटी मुंबईत झालेल्या एक्सडेटा या कामाबद्दल जरूर वाचा. चुकीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हीही नमुन्याच्या डेटावर योगायोगानं बरोबर उत्तर देते, हा डेटाबेसच्या तपासणीतला मोठा घोळ. ज्यानं फी भरलेलीच नाही असा एकही विद्यार्थी टेबलात नसेल, तर साधा जॉइन (दोन टेबलांतल्या फक्त जुळणाऱ्या नोंदी) आणि आउटर जॉइन (न जुळणाऱ्याही धरून) यांचं उत्तर एकच येणार. चूक उघडी पडेल असा डेटाच त्यांची पद्धत तयार करते.

शेवटी गुणांचं. दहाचे दहा यंत्राच्या हाती देऊ नका. मी सहा देते. चार माझे, आणि ते लॅबमध्ये, मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून. वाचलेल्या ८८ तासांतले २२ तास यात घाला, म्हणजे १३२ मुलांपैकी प्रत्येकाला सत्रात दहा मिनिटं मिळतात. उरलेले रविवार तुमचे. आणि सबमिशनची शेवटची तारीख अष्टमीच्या आसपास ठेवू नका. नोंदी बघितल्या तर सगळे प्रोग्रॅम पहाटे दोन ते चारमध्ये आलेले असतात आणि त्यात एकही महिरपी कंस बंद झालेला नसतो.

प्रश्न : नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उत्तर बरोबर असूनही कॉलेजच्या कंप्यूटरनं त्याला शून्य दिलं, का तर कॅपिटल एसच्या जागी स्मॉल एस छापला म्हणून. माझे वडील इथल्या कलाभवनात, म्हणजे तंत्रशाळेत, शिकले. तिथे मास्तर लोखंडाचा जॉब हातात घेऊन, त्यावर बोट फिरवून गुण देत. यंत्रानं तपासायचं हे खूळ कुठून आलं? मी प्राचार्यांना पत्र लिहू का? – एक आजोबा, रावपुरा

उत्तर : काका, खूळ तुम्हाला वाटतं तितकं नवं नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरचे, विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यावरचा लेख १९६० साली छापून आला. सयाजीराव महाराजांनी कलाभवन १८९० साली काढलं, त्याच्यापेक्षा हे सत्तर वर्षांनी धाकटं. गंमत म्हणजे त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच फेरफार करू शकेल अशी धास्ती होती. वहीनं मास्तरांचा लाल पेन हिसकावून घेतल्यासारखं! आज त्यासाठी विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम वेगळ्या बंद खोलीत चालवतात.

नातवाबद्दल म्हणाल तर आधी प्रश्नपत्रिका मागून घ्या. नमुन्यात कॅपिटल एस दाखवला असेल तर थोडी चूक त्याचीही आहे. तुमच्या वडिलांचा जॉब मापात बसला नाही तर मास्तर तो परत करतच असणार. मात्र परत करताना कुठे कानस फिरवायची तेही ते सांगत असणार, आणि नातवाच्या शून्यात तेवढंच राहून गेलंय. एका अक्षराला दहापैकी दहा गुण कापणं ही तपासणी लिहिणाऱ्याची कंजुषी आहे. यंत्राला यातलं काही कळत नाही.

पत्र लिहू नका. त्याला स्वतः जाऊ द्या, हातात नमुना आणि आपलं उत्तर घेऊन. माझ्याकडे दोन कागद घेऊन आलेल्या मुलाला पाच मिनिटं लागली होती.

प्रश्न : मॅम, माझ्या प्रोग्रॅमला ८ चं फॅक्टोरियल घरच्या लॅपटॉपवर ४०३२० येतं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उणे २५२१६. प्रोग्रॅम तोच आहे. मी शप्पथ घेऊन सांगतो. – एफ. वाय., मांजलपूर

उत्तर : शपथ नको, तू खरंच बोलतोयस. तुमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन) आहे. त्यात इंटला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेला, दोन बाइट मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. पुढे गेलास की आकडा उलटून ऋण बाजूनं येतो. ४०३२० वजा ६५५३६ करून बघ. घरच्या कंपायलरमध्ये चार बाइट आहेत, तो १२ पर्यंत साथ देईल. १३ घालून बघ, तिथेही फजिती. कुठल्या कंपायलरवर तपासणार ते मॅमना सत्राच्या सुरुवातीलाच लिहून द्यायला सांग, आणि टर्बो सी कधी काढणार तेही विचार. माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : मी प्रोग्रॅम स्वतः केला. मैत्रिणीनं मागितला म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं व्हेरिएबलची नावं बदलून दिला तरी सॉफ्टवेअरनं पकडलं आणि दोघींना शून्य. माझी काय चूक? – निजामपुरा

उत्तर : पाठवलास ही. रागवून झालं, आता पुढचं.

हे काम करणारं सगळ्यात प्रसिद्ध साधन म्हणजे मॉस. ॲलेक्स एकन यांनी ते १९९४ मध्ये केलं. ते नावांकडे बघतच नाही. मोकळ्या जागा, नावं बाजूला काढून उरलेल्या प्रोग्रॅमचे छोटे छोटे, एकावर एक चढलेले तुकडे करतं आणि त्यातले काही ठसे म्हणून जपून ठेवतं. दोन प्रोग्रॅमचे ठसे जुळले की बोट दाखवतं. त्यामुळे ‘सम’चं ‘टोटल’ केल्यानं काहीच लपत नाही. पण कुणी कुणाचं घेतलं, हे त्याला कळत नाही. ते फक्त ‘या दोन बघा’ असं सांगतं, बघायचं काम शिक्षकाचं. नुसत्या टक्क्यांवरून दोघींना शून्य देणारे शिक्षक आळस करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून प्रोग्रॅम दहा ओळींचा असेल तर विचारूच नका. फॅक्टोरियल साठ जणांनी लिहिलं तर साठही सारखेच दिसणार.

तू सरांकडे जा. खरं सांग, पाठवला हेही सांग. तुझ्या जुन्या फाइली, अर्धवट राहिलेले प्रयत्न असतील ते दाखव आणि म्हण, आत्ता माझ्याकडून समजावून घ्या. मैत्रिणीलाही सोबत ने. तिलाही तेच विचारतील.

प्रश्न : ताई, आता घरून येणारा प्रत्येक प्रोग्रॅम चॅटबॉटनं लिहिलेला असतो. यंत्रानं लिहायचं आणि यंत्रानंच तपासायचं, मग आपण दोघं मध्ये कशाला? – एक प्राध्यापक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सर, मी घरच्या कामाची पोलिसगिरी सोडून दिली. घरून आणलेल्याला पूर्वीच्या निम्मेच गुण ठेवले, उरलेले लॅबमध्ये. कीबोर्ड त्याच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, तुझ्याच प्रोग्रॅममधली ही अट उलटी कर, आता काय छापेल ते चालवायच्या आधी सांग. परवा एकानं रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा, फार देखणा प्रोग्रॅम आणला, प्रत्येक ओळीवर शुद्ध इंग्रजीत टिपण. मी विचारलं, ही थांबायची अट काढून टाकली तर? बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, ए तो एम ज होय.’ म्हणजे ते असंच असतं. गुण दिले दोन.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका मुलीनं आपणहून सांगितलं, की मी चॅटबॉटकडून घेतलाय. मी अट बदलायला सांगितली, तिनं बदलली. का बदलली तेही सांगितलं, वर म्हणाली, त्यानं दिलेल्यात एक चूक होती, रिकामी यादी दिली की अडकत होता. मी पूर्ण गुण दिले. आमच्या विभागात यावरून चहाच्या वेळी भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन.

प्रश्न : आमच्या कॉलेजात सर्व्हर नाही. भंगारात काढलेलं एक जुनं डेस्कटॉप आहे. त्यावर हे सगळं चालेल का? – लॅब असिस्टंट, कारेलीबाग

उत्तर : छान चालेल, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमना लागतंच किती. लिनक्स टाका. मुलांचे प्रोग्रॅम चालवायला वेगळा यूजर करा, ज्याला दुसऱ्या कुठल्याही फोल्डरमध्ये लिहिता येणार नाही, आणि तपासणीच्या वेळी नेटवर्कची वायर काढून ठेवा. मेमरीला आणि एका वेळी किती प्रोसेस निघू शकतात यालाही मर्यादा घाला. एखादा हुशार कार्टा स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा प्रोग्रॅम देतोच देतो. गुणांची फाइल रोज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. यूपीएसची बॅटरी बदला, उन्हाळ्यात लाइट जाते.

आणि मशीनवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. आम्ही फक्त इंग्रजीत लावली होती. झाडू मारायला येणाऱ्या बेननी संध्याकाळी पंखे, दिवे आणि ते मशीन, सगळं नीट बंद करून किल्ली ऑफिसात जमा केली होती. आता गुजराती, मराठी आणि हिंदीत लावलीये.